काळ्या लोखंडाचे दागिने

मनूने आपल्या पूर्वजांच्या दागिन्यांचीही सोय करून ठेवली होती. दहावा अध्याय काढा. चांडाळाने गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, मेलेल्याची वस्त्रं नेसावीत आणि अंगावर दागिना घालायचाच असेल तर तो काळ्या लोखंडाचा. सोनं वर, लोखंड खाली. माणसांची उतरंड लावून झाली तरी गड्याचं समाधान होईना, म्हणून धातूंनाही जातवार वाटून टाकलं.

आणि हे पोथीत पडून राहिलं असं कुणी सांगू नये. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' छापलं, त्यात दोन दाखले आहेत. एक इंदूरकडच्या बलाई लोकांचा. १९२८ साली सवर्णांनी त्यांना फर्मान काढलं, त्यातलं एक कलम असं की बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. दुसरा दाखला अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावचा. नोव्हेंबर १९३५. बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या घरातल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांनी पाणी भरू लागल्या. एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. भांडं धातूचं आहे, हा गुन्हा! म्हणजे विसाव्या शतकातही धातू हातात घेतला की आपल्या बाईच्या पाठीवर वळ उठत होते.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. कागद जळतो. लोखंडाचं तसं नाही. ते तापवावं लागतं, कापावं लागतं, दुसऱ्या लोखंडाला जोडावं लागतं. या अंकात मला या जोडकामाबद्दल बोलायचंय. कारणही तसंच घडलंय. या अंकाच्या मुखपृष्ठावर ज्या वस्तूचा फोटो आहे ती वस्तू आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या भिंतीवर महिनाभर लटकतेय आणि तिच्यावरून कमिटीत भांडण पेटलंय. पुढल्या रविवारी बैठक आहे. वस्तू ठेवायची की उतरवायची, एवढाच विषय.

वस्तू काय आहे ते सांगतो. पाच फूट रुंद, तीन फूट उंच. चौकट नव्या अँगलची, मागे नवा सोळा गेजचा पत्रा. त्यावर जुनं सामान वेल्ड केलेलं. झिजून कडा करवतीसारख्या झालेली दोन घमेली, उभी कापलेली. फावड्याची पाती. बादल्यांच्या कड्या. ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे. आणि गिरणीच्या धोट्यांची लोखंडी टोकं, अकरा. यातून कुठलंही चित्र तयार होत नाही. माणूस दिसत नाही, मूठ दिसत नाही, चाक दिसत नाही, उगवता सूर्य तर अजिबात दिसत नाही. डावीकडे सगळं दाटीवाटीने एकमेकांवर चढलेलं आणि उजवीकडे सरकत सरकत विरळ होत गेलेलं. शेवटी हातभर कोरा नवा पत्रा. बस्स.

करणारा आमचा वेल्डर दोस्त आहे. आय.टी.आय. केलेला, दिवसा ग्रिल आणि गेट बनवतो, रात्री हे करतो. नाव छापू नकोस म्हणाला, छापत नाही.

कमिटीतल्या काकांचा आक्षेप असा की हे कळत नाही. कवितेत तुम्ही आई-बहिणीवरून लिहिता ते कळतं, मोर्चातला बॅनर कळतो, बाबांचा फोटो कळतो, बुद्ध कळतो. हे काय? अमूर्त कला हे ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांचं प्रकरण. ते दक्षिण मुंबईच्या एसी गॅलरीत शोभतं, आपल्या वाचनालयात नाही.

या आक्षेपाला मी उत्तर देणार आहे. पण दुसरा आक्षेप एका मावशीचा आहे आणि तो जड आहे. तीस वर्षं तिने महापालिकेचा कचरा उचलला. ती भिंतीसमोर उभी राहिली, घमेलं ओळखलं आणि म्हणाली, "आम्ही हे डोक्यावरून खाली उतरवलं, आणि तुम्ही पोरं परत भिंतीवर चढवताय व्हय?" दोस्तांनो, यावर चटकन बोलेल त्याने मावशीचं वाक्य ऐकलंच नाही असं समजा.

आधी काकांचं घेऊ.

वेल्डिंग शिल्पकलेत आलं कुठून? आर्ट स्कूलमधून नव्हे. बार्सिलोनाचा हुलिओ गोन्झालेझ हा धातुकाम करणाऱ्या घरातला. १९१८ साली पॅरिसजवळच्या रेनो कारखान्यात काम करताना तो गॅस वेल्डिंग शिकला. दहा वर्षांनी पिकासोला लोखंडात शिल्पं करायची हुक्की आली तेव्हा जोडायचं कसं हे त्याला येत नव्हतं. ते गोन्झालेझने करून दाखवलं. सगळं जग पिकासोचं नाव घेतं, पण वेल्ड मारणारा कारखान्यात तयार झालेला. अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ १९२५ च्या उन्हाळ्यात स्टुडिबेकरच्या मोटार कारखान्यात लोखंड जोडायला शिकला. महायुद्धात आगगाडीची इंजिनं आणि रणगाडे वेल्ड करत होता. आपल्या मुंबईत पिलू पोचखानवाला यांनीही भंगार लोखंड वापरून अमूर्त शिल्पं उभी केली. तेव्हा हातात होल्डर धरून, काळी काच लावून, ठिणग्या खात जे होतं ते 'पोटभरलेल्यांचं प्रकरण' कसं? हे आपल्याच धंद्यातलं काम आहे. ते वरच्यांनी उचललं, गॅलरीत नेलं आणि आपण दाराबाहेर उभं राहून म्हणतोय की हे आपलं नाही. च्यायला, ही तर उलटी चोरी झाली.

आता ज्याच्याबद्दल मला खरं बोलायचंय त्याच्याकडे येतो. मेल्विन एडवर्ड्स. १९३७ साली ह्यूस्टन, टेक्सासमध्ये जन्मलेला काळा माणूस. गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, नळ वेगळे, अशा गावात वाढला. फुटबॉलच्या जोरावर लॉस एंजेलिसला शिकायला गेला. एप्रिल १९६२ मध्ये त्याच शहरात पोलिसांनी काळ्या मुस्लिमांच्या मशिदीबाहेर गोळीबार केला आणि रोनाल्ड स्टोक्स नावाचा निःशस्त्र माणूस मारला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या लिंचिंगच्या शंभर वर्षांच्या बातम्यांचं एक संकलन पुस्तकरूपाने निघालं होतं. टस्कीगी संस्थेने केलेली नोंद सांगते की १८८२ ते १९६८ या काळात तिथे ४,७४३ माणसं जमावाने मारली, त्यातली ३,४४६ काळी. झाडाला टांगून, जाळून, फोटो काढून, त्या फोटोंची पोस्टकार्डं छापून.

एडवर्ड्स हे सगळं डोक्यात घेऊन वेल्डिंगला बसला. १९६३ साली पहिला तुकडा झाला. त्या मालिकेला त्याने नाव दिलं 'लिंच फ्रॅगमेंट्स'. साखळ्या, कुलपं, हातोड्याची डोकी, रेल्वेचे खिळे, कात्र्या, पाती, नव्या पोलादाचे ठोकळे, सगळं एकमेकांत घुसवून वितळवून जोडलेलं. एकेक तुकडा साधारण माणसाच्या डोक्याएवढा. टांगायचा भिंतीवर, आणि तोही डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे तुम्ही समोर गेलात की कुणीतरी तुमच्याकडे बघतंय असं वाटलं पाहिजे. १९६३ ते १९६७ एक फेरी, १९७३ ला व्हिएतनाम युद्धाच्या काळात दुसरी, आणि १९७८ पासून पुन्हा. पुढे दोनशेच्या वर तुकडे झाले.

आता नीट बघा. नाव लिंचिंगचं, पण शिल्पात देह नाही. दोरीला लोंबकळणारं प्रेत नाही. रक्त नाही. एकाही तुकड्यात नाही.

हे मला आपल्यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. आपली प्रेतं बघायची या देशाला सवय लागली आहे. खैरलांजी झालं २९ सप्टेंबर २००६ ला. पहिल्यांदा बातमी दाबली, आणि दाबणं अशक्य झालं तेव्हा फोटो हातोहात फिरले. ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मेले, त्यांचेही फोटो फिरले. फोटो काढायलाच पाहिजेत, पुरावा पाहिजे, कोर्टात पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण कलेच्या नावाखाली सवर्ण प्रेक्षक आपल्याकडे एकच मागणी करतो: तुमचं दुःख दाखवा, जखम दाखवा, अजून जरा उघडी करा. आपणही दाखवत बसतो. तो हळहळतो, चहा पितो, घरी जातो. एडवर्ड्सने त्याला प्रेत दिलंच नाही. त्याच्या हातात दिली साखळी. साखळी गुलामाच्या पायातली आहे, आणि साखळी क्रेनचीही आहे, वजन उचलणारी. हातोडा मारायचा आहे आणि घडवायचाही आहे. दोन्ही अर्थ एका वेल्डमध्ये अडकवले आणि बघणाऱ्याला म्हणाला, आता सोडव. हळहळायला जागाच ठेवली नाही. अमूर्त म्हणजे अर्थ नसलेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या तुकड्यांचे फोटो कुठूनही मिळवून समोर ठेवावेत आणि पाच मिनिटं काढावीत.

त्याच्यावर त्याच्याच लोकांकडून टीका झाली. साठ-सत्तरच्या दशकात काळ्यांच्या कलाचळवळीत असा जोर होता की काळा चेहरा काढा, नेता काढा, घोषणा लिहा, नाहीतर तुम्ही गोऱ्यांची नक्कल करताय. काका, ओळखीचं वाटतं ना? एडवर्ड्स आणि त्याचे मित्र गप्प बसले नाहीत. १९६८ ते १९७० मध्ये विल्यम टी. विल्यम्स, एडवर्ड्स आणि आणखी काही जण 'स्मोकहाउस' नावाने हार्लेममध्ये उतरले आणि तिथल्या पडक्या भिंतींवर, मैदानांच्या कडेला, रंगांचे पट्टे आणि त्रिकोण रंगवले. अमूर्त. वस्तीतल्या पोराबाळांना हाताशी घेऊन. हार्लेमच्या माणसाला कळणार नाही असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं नाही. 'आपल्या लोकांना कळणार नाही' या वाक्यात आपल्या लोकांचा केवढा अपमान आहे हे आपण कधी लक्षात घेणार? ज्या माणसांना धम्मातला प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगितला की समजतो, त्यांना घमेल्याची वक्ररेषा समजणार नाही?

१९७० मध्ये एडवर्ड्सचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागलं. तिथे एकल प्रदर्शन झालेला तो पहिला काळा शिल्पकार. त्याने काटेरी तार आणि साखळ्या नेऊन लटकवल्या. म्युझियममध्ये शिरायचं तर त्यांच्या अटीवर शिरायचं नाही, हे असं असतं.

दुसरा एक माणूस सांगतो, नोआ प्युरिफॉय. लॉस एंजेलिसमधली वॉट्स ही काळ्यांची वस्ती. ऑगस्ट १९६५ मध्ये पोलिसांच्या मारहाणीवरून तिथे सहा दिवस उठाव झाला, ३४ माणसं मेली, दुकानं जळली. प्युरिफॉय तिथल्या कलाकेंद्रात काम करत होता. आग विझायच्या आतच तो आणि जडसन पॉवेल रस्त्यावर उतरले आणि जळका मलबा गोळा करू लागले. तीन टन. वाकलेलं लोखंड, जळकी लाकडं, दुकानांच्या निऑन पाट्यांमधून वितळून थेंबाथेंबाने पडलेलं शिसं. काय करायचं हे माहीत नसताना गोळा केलं. मग मित्रांबरोबर बसून त्याची ६६ शिल्पं केली, '६६ साइन्स ऑफ निऑन'. १९६६ साली पहिलं प्रदर्शन कुठे भरलं? वॉट्समधल्याच एका शाळेत. गॅलरीत नंतर. ज्यांचं जळलं त्यांनी आधी बघावं, हा क्रम मला बरोबर वाटतो. म्हणून आमच्या दोस्ताची वस्तू वाचनालयात लागली, तीही गॅलरीच्या आधी.

गॅलरीचं निघालंच तर तेही सांगून टाकतो. एका गॅलरीवाल्याने फोटो बघून बोलावलं होतं. वस्तू आवडली म्हणाला. मग म्हणाला, सोबत तुमची स्टोरी लिहून द्या, वडील काय करायचे, बालपण कसं गेलं, घमेल्याचं महत्त्व काय. दोस्त म्हणाला, सोळा गेजच्या पत्र्याबद्दल लिहून देऊ का? गॅलरीवाला हसला. त्याला शिल्पकार नको होता, एक जातीचा दाखला पाहिजे होता, फ्रेम करून शेजारी लावायला. बामणाचं पोरगं कॅनव्हासवर तीन रेघा ओढतं तेव्हा त्याच्या बापाचा धंदा कुणी विचारत नाही. अमूर्ताची मक्तेदारी म्हणतात ती ही. त्यांच्या रेघेला इतिहास नको, आपल्या रेघेला इतिहासाशिवाय किंमत नाही.

आणखी एक थट्टा चालते, 'भंगारातून कला'. दिल्लीला सराय काले खाँजवळ २०१९ साली एक बाग उघडली. सुमारे १५० टन भंगार वापरून जगातली सात आश्चर्यं बनवली, ताजमहाल, आयफेल टॉवर वगैरे. लोक तिकीट काढतात, सेल्फी घेतात. मला कारागिरांबद्दल काही म्हणायचं नाही, जोडकाम सोपं नसतं. पण लोखंडाला त्याचं स्वतःचं काही बोलू दिलं नाही. सायकलची चेन असो की पाइप, सगळ्यांनी मुकाट्याने ताजमहाल व्हायचं. भंगाराला चांगल्या घरचे कपडे चढवले की झालं!

त्यापेक्षा घानात जन्मलेला आणि १९७५ ते २०११ नायजेरियातल्या न्सुक्का विद्यापीठात शिकवलेला एल अनात्सुई बघा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याला दारूच्या बाटल्यांच्या बुचांनी भरलेली पिशवी सापडली. ती अ‍ॅल्युमिनियमची बुचं चेपून, कापून, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवून त्याने भिंत भरून टाकणारे पडदे केले. हजारो बुचं, आणि शिवायला गावातली पोरं. लांबून भरजरी वस्त्र वाटतं, जवळ गेलं की दारूच्या ब्रँडची नावं. युरोपची दारू आफ्रिकेत आली ती गुलामांच्या व्यापाराबरोबर, हे त्याला माहीत होतं. पडदा कसा टांगायचा, कुठे चुणी पाडायची, हेही तो पुष्कळदा टांगणाऱ्यावर सोडतो. २०१५ ला व्हेनिसमध्ये त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. त्याच वर्षी तिथल्या मुख्य प्रदर्शनात एडवर्ड्सचे तुकडेही होते. (दारूची बुचं आपल्याही वस्त्यांत काही कमी नाहीत. तार घेऊन बसणारा कोण आहे बोला!)

आता कामाचं. बरेच पोरगे विचारतात, हे करतात कसं. नुसतं 'विद्रोह' म्हणून चालत नाही, पत्रा विद्रोहाने जुळत नाही.

नवं लोखंड आणि जुनं लोखंड यांच्या स्वभावात फरक आहे. नवा पत्रा सरळ असतो, जाडी सगळीकडे सारखी, काय मिसळलंय ते ठाऊक असतं, टाका पडतो तो गुळगुळीत. जुन्याचं काही सांगता येत नाही. कमानपाट्यात कार्बन जास्त. तसाच वेल्ड केला तर टाक्याच्या शेजारी तडा जातो, कधी दोन दिवसांनी, रात्री टण्णकन आवाज करून. तो आधी तापवावा लागतो आणि नंतर राखेत पुरून सावकाश थंड करावा लागतो. बिडाचं तर त्याहून अवघड. पितळ आणि लोखंड साध्या कांडीने जुळत नाही, त्याला गॅसवर पितळी कांडीने डाग द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला चिकटत नाही, तिथे रिव्हेट मारा किंवा नट-बोल्ट घाला. बादलीवर, कड्यांवर जस्ताचा मुलामा असतो. वेल्ड करताना त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. मुलामा आधी घासून काढा, उघड्यावर काम करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तोही जाळू नका, खरवडा. आणि बंद पिंप गॅस कटरने कापायला जाऊ नका, आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होऊन माणसं मेलेली आहेत. या धंद्यात आपलीच पोरं मरतात, कलेपायी आणखी नकोत.

वजनाचा हिशोब आधी करा. लोखंडाचा एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. सोळा गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. आमच्या वस्तूचा नुसता पत्रा साडेसतरा किलो, पंचवीसच्या अँगलची चौकट साडेपाच, आणि वरचं जुनं सामान धरून ४५ च्या आसपास. एवढं वजन खिळ्यावर राहत नाही. गिलाव्यातून आत विटेत भोकं पाडून चार फास्टनर घातले, भिंतीवर एक आडवा अँगल बसवला आणि वस्तू मागच्या पट्टीने त्यात अडकवली. मागे अर्धा इंच फट ठेवली. मुंबईची हवा खारट, हवा खेळली नाही तर मागून गंज लागतो.

गंजाचं काय करायचं यावर आमचे मतभेद झाले. मी म्हणत होतो घासून चकाचक करा. दोस्ताने ऐकलं नाही. नवा पत्रा त्याने ग्राइंडरने घासला आणि लॅकर मारलं. जुन्यावरचा फक्त सुटणारा गंज तारेच्या ब्रशने काढला, उरलेला तसाच ठेवला आणि गरम करून मेण चोळलं. आता दिवसा खिडकीतून ऊन आलं की नवा पत्रा ऊन परत फेकतो आणि घमेली ते गिळून टाकतात. मी बघतोय, त्याचं बरोबर होतं.

धोट्याच्या टोकांबद्दल न सांगता पुढे गेलो तर आजोबा माफ करणार नाहीत. गिरणीत आपल्या लोकांना साचेखात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता. कारण काय? कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा! लाल बावट्याखालच्या कामगारांनाही ही बंदी चालत होती आणि बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी त्यावर बोट ठेवलं होतं. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, साचे किलोवर भंगारात गेले. ज्या धोट्याला तोंड लावायची आजोबांना बंदी, त्याची टोकं नातवाने भंगारवाल्याकडून वजनावर विकत आणली. अकराच मिळाली. ती त्याने एका रांगेत लावली नाहीत. अकराही टोकं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत. हे बघून काका म्हणतात कळत नाही. काका स्वतः गिरणीत होते. मी त्यांना एकदा भिंतीजवळ नेलं, टोकावर बोट ठेवायला लावलं. ते काही बोलले नाहीत. मत बदललं असं मी म्हणत नाही.

आता मावशी.

मावशीला मी एडवर्ड्स सांगू शकत नाही, आणि सांगितला तरी तिच्या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ ला झाला, २०१३ ला पुन्हा दुसरा झाला, तरी माणसं गटारात उतरून गुदमरून मरताहेत. म्हणजे घमेलं अजून म्युझियमची वस्तू झालेलं नाही. ते आजही कुणाच्या तरी डोक्यावर आहे. हातातली वस्तू हातातून सुटायच्या आधीच तिला 'फॉर्म' म्हणायचं, यात काहीतरी घाईचं, शहरी, आपल्यासारख्या शिकलेल्या पोरांचं आहे, हा तिचा टोला मला लागलाय. एडवर्ड्सची साखळी शंभर वर्षं जुनी होती. आमच्या घमेल्यावर कालची ओल आहे.

तरीपण मी वस्तू ठेवावी या बाजूचा आहे. का ते सांगतो. दोस्ताने घमेलं उभं कापलंय. त्यात आता काही भरता येत नाही. ते कुणाच्या डोक्यावर ठेवता येत नाही. मनूने फुटकं भांडं दिलं होतं जेवायला, इथे आपण स्वतः भांडं फोडलंय, ठरवून, ग्राइंडर लावून, आणि नव्या पत्र्याला असं जोडलंय की आता ओढून निघायचं नाही. काळं लोखंड अंगावर घालायची सक्ती होती. ते भिंतीवर आम्ही आमच्या मर्जीने लावलं, आम्हाला हव्या त्या आकारात. माझ्यापुरतं हे पुरेसं आहे. मावशीपुरतं नसेल, तर तिचं मत बैठकीत माझ्या मताएवढंच, खरं तर थोडं जास्त मोजावं असं मी मांडणार आहे.

एक दुरुस्ती मात्र मान्य करायला हवी. वस्तू सध्या बाबांच्या फोटोखाली आहे. ती जागा चुकली. फोटोखालची प्रत्येक गोष्ट नैवेद्य वाटायला लागते. ती समोरच्या भिंतीवर जावी, पोरं अभ्यासाला बसतात त्या टेबलांच्या बाजूला, आणि दोन फूट खाली, म्हणजे दहावीतल्या पोरीच्या डोळ्यांच्या रेषेत येईल. तिथे वीट पक्की आहे, मी ठोकून पाहिलंय.

बैठक रविवारी सकाळी दहाला, वाचनालयातच. उतरवायची ठरो की हलवायची, ४५ किलो उचलायला चार जण लागतील. येणाऱ्यांनी जाड हातमोजे आणा. डावीकडच्या पात्यांच्या कडा अजून घासायच्या राहिल्यात.